१६४२ आणि १८५० : ‘द स्कार्लेट लेटर’ अभ्यासाला घेणाऱ्यांसाठी

एमए इंग्लिशला अमेरिकन लिटरेचरचा पेपर घेतला की कधी ना कधी ‘द स्कार्लेट लेटर’ लिहिणारा हॉथॉर्न समोर येतोच, आणि त्याच्या मागोमाग प्युरिटन, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत आलेले कडक प्रोटेस्टंट, येतात. मी याच विषयावर डिझर्टेशन केलंय, आता काही वर्षं हा पेपर शिकवते, आणि दरवर्षी नवीन बॅचची मुलंमुली साधारण त्याच ठिकाणी अडकतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवू. नेट-सेट या प्राध्यापकीच्या परीक्षा देणाऱ्यांनाही उपयोग होईल पण मुख्य म्हणजे ज्यांना हा विषय मार्कांच्या पलीकडे जाऊन वाचायचाय त्यांच्यासाठी हे आहे.

ज्यांनी कादंबरी अजून वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत: प्युरिटन बॉस्टनमधे हेस्टर या बाईला नवरा जवळ नसताना पर्ल ही मुलगी होते, आणि शिक्षा म्हणून तिला छातीवर लाल ‘ए’ अक्षर (अ‍ॅडल्टरी, म्हणजे व्यभिचार) लावून चौथऱ्यावर उभं करतात. मुलीचा बाप म्हणजे गावाचा धर्मगुरू डिम्सडेल, तो गप्प राहतो, आणि हेस्टरचा नवरा चिलिंगवर्थ हे नाव घेऊन गावात येऊन राहतो.

सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर दोन सालं लिहा, १६४२ आणि १८५०. पहिलं म्हणजे ‘द स्कार्लेट लेटर’ची गोष्ट सुरू होते ते साल, दुसरं म्हणजे पुस्तक छापून आलं ते. मधे दोनशे वर्षांच्या वर काळ गेलाय. नॅथॅनियल हॉथॉर्न एवढ्या लांबून स्वतःच्याच पूर्वजांकडे बघतोय, त्याला त्यांचा राग आहे, त्यांच्याबद्दल आदर आहे, थोडी लाजही आहे, आणि हे सगळं मिसळून त्याने कादंबरी लिहिलीय. त्यामुळे ‘प्युरिटन समाज असा होता’ असं वाक्य लिहायला घेतलं की स्वतःला विचारायचं, हे कोण सांगतंय, त्या काळातली माणसं की १८५० चा लेखक? माझ्या मते या विषयाचा निम्मा अभ्यास या एका प्रश्नात आहे.

बाजारातल्या गाईडमधे काय असतं ते तुम्हाला माहितीय. काळे कपडे, उंच टोप्या, हसायची बंदी, धर्मवेडे लोक, संपलं. आता कपड्यांचंच घ्या. काळा रंग पक्का बसवायला खर्चिक असायचा, त्यामुळे साधी माणसं रोज तपकिरी, हिरवे, निळे असे कपडे घालायची, काळा म्हणजे मोठ्या लोकांचा आणि खास दिवसांचा. १६५१ मधे तर मॅसॅच्युसेट्समधे कायदा केला की ज्याची इस्टेट दोनशे पौंडांच्या आत आहे त्याने सोन्याचांदीची लेस वगैरे लावायची नाही. म्हणजे लोकांना नटायची हौस होती म्हणूनच कायदा करावा लागला ना! आणि गंमत म्हणजे हे कादंबरीतच आहे, पाचव्या प्रकरणात हेस्टर पोट कशावर भरते तर भरतकामावर, गव्हर्नर आणि मोठ्या हुद्द्याच्या लोकांना झालरी आणि भरलेले हातमोजे लागतात, ते ती करून देते. एकविसाव्या प्रकरणात हॉथॉर्न सरळ सांगतो की पहिली पिढी एलिझाबेथच्या काळातल्या इंग्लंडमधून आलेली होती, तिला मजा माहिती होती, खरा काळोख पुढच्या पिढीने आणला. गाईड वाचणाऱ्याला हे प्रकरण सापडतच नाही कारण गाईडमधे त्याची दोन ओळींत समरी असते.

हां, पण उलट टोकाला पण जाऊ नका. ख्रिसमस साजरा करण्यावर मॅसॅच्युसेट्समधे १६५९ पासून १६८१ पर्यंत बंदी होती, पकडलं तर पाच शिलिंग दंड. १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना (प्युरिटनांना न मानणारा दुसरा ख्रिस्ती पंथ) बॉस्टनमधे फाशी दिलंय, त्यात मेरी डायर नावाची बाई होती. समाज कठोर होताच. प्रश्न आहे तो कठोरपणा कुठून येत होता हा.

त्यासाठी थोडा धर्म समजून घ्यावा लागतो, आणि तो टाळून चालत नाही, कारण डिम्सडेल हे पात्र त्याशिवाय कळतच नाही. प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधलेच प्रोटेस्टंट. चर्च ऑफ इंग्लंड रोमपासून तुटलं तरी त्यात जुन्या कॅथलिक पद्धतीचं बरंच उरलंय, ते सगळं साफ करायचं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातले काही म्हणाले हे चर्च सुधारणारच नाही, आपण वेगळं व्हायचं, ते १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला गेले. दुसरे, तुलनेने जास्त पैसेवाले आणि शिकलेले, चर्च न सोडता सुधारू म्हणत १६३० मधे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपबरोबर आले आणि त्यांनी बॉस्टन वसवलं, हीच मॅसॅच्युसेट्स बे कॉलनी, पुढच्या दहा वर्षांत साधारण वीस हजार माणसं न्यू इंग्लंडला आली. हे दोन गट वहीत वेगळे ठेवा. हेस्टर बॉस्टनची आहे, प्लिमथची नाही, आणि कायद्याच्या बाबतीत याचा फरक पडतो, त्यावर खाली येतेच.

कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलेलं आहे, माणसाच्या हातात काही नाही, हा त्यांचा पाया. वर्गात हे सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, मॅडम ठरलेलंच असेल तर चांगलं वागायचं कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो त्या लोकांनाही छळायचा. त्यांचं उत्तर असं की चांगलं वागून तारण मिळत नाही, पण ज्याला तारलंय त्याच्यात त्याच्या खुणा दिसतात. मग काय, प्रत्येकजण रोज स्वतःच्या आत खुणा शोधत बसलेला, डायऱ्या लिहितोय, मनात आलेला प्रत्येक वाईट विचार तपासतोय, आणि खात्री कधीच होत नाही. आणि हे नुसतं खासगी नव्हतं. चर्चचं पूर्ण सभासद व्हायचं तर देवाची कृपा आपल्यावर कशी झाली हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागायचं, आणि १६३१ पासून या कॉलनीत मताचा हक्क सभासद पुरुषांनाच. बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या थॉमस शेपर्ड नावाच्या धर्मगुरूने अशी निवेदनं वहीत उतरवून ठेवलीत, त्यात विधवा आहेत, घरकाम करणाऱ्या मुली आहेत. ती वाचा. एखादी मोलकरीण सगळ्या गावासमोर उभी राहून आपल्या मनातली भीती सांगतेय आणि धर्मगुरू ते लिहून घेतोय, हे वाचताना माझी प्युरिटनांबद्दलची सगळी समजच बदलली.

आता हे डोक्यात ठेवून अकरावं प्रकरण उघडा. डिम्सडेल व्यासपीठावरून सांगतो की मी अत्यंत पापी माणूस आहे, सगळ्यांत नीच आहे, आणि लोक त्याला आणखीनच संत मानायला लागतात. नवीन वाचकाला वाटतं की लोक भोळे आहेत. पण तसं नाहीये. त्या समाजात जो स्वतःला जास्तीत जास्त पापी म्हणतो त्याच्यातच कृपेची खूण आहे असं मानायची सवय होती, त्यामुळे ‘मी पापी आहे’ हे वाक्य तिथे कबुली म्हणून ऐकूच येत नाही. डिम्सडेलला हे पक्कं माहितीय. तो खरं बोलून खोटं पसरवतोय, आणि त्याला ते कळतंय, म्हणून तो आतून जळतो. परीक्षेत डिम्सडेलवर प्रश्न आला तर ‘गिल्ट’ या एका शब्दावर चार पानं भरण्यापेक्षा हा एक मुद्दा नीट मांडा.

दुसरी गोष्ट म्हणजे करार. सगळी वसाहत मिळून देवाशी करारात आहे अशी त्यांची समजूत, आणि एकाने करार मोडला तर देवाचा कोप सगळ्यांवर होणार. म्हणून शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ही खासगी बाब राहत नाही. विन्थ्रॉपचं १६३० चं प्रवचन सगळे ‘डोंगरावरचं शहर’, म्हणजे सगळ्या जगाची नजर आपल्यावर आहे, एवढ्यासाठी कोट करतात, पण ते प्रवचन अख्खं वाचलं तर त्यातला मोठा भाग श्रीमंताने गरिबाला कसं उसनं द्यावं, एकमेकांची ओझी कशी वाहावीत याबद्दल आहे. म्हणजे ज्या विचारातून लोक एकमेकांना सांभाळायचे त्याच विचारातून ते एकमेकांवर पाळत ठेवायचे. हेस्टरच्या चौथऱ्याभोवती जमलेली गर्दी या नजरेने बघा. त्यात क्रूर बायका आहेत, पण एक तरुण आई पण आहे जी म्हणते की तिने ते अक्षर झाकलं तरी त्याची वेदना तिच्या काळजात राहणारच आहे.

शिक्षणाचं पण थोडक्यात सांगते कारण नेटला विचारतात. हार्वर्ड १६३६, आणि १६४७ चा कायदा की पन्नास घरांच्या गावाने लिहायवाचायला शिकवणारा माणूस ठेवायचा, शंभर घरांच्या गावाने ग्रामर स्कूल. कारण प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता आलं पाहिजे.

पण स्वतः वाचायला शिकवलं की माणसं स्वतःचा अर्थ लावणार, आणि इथे अ‍ॅन हचिन्सन येते. माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर गेलाय आणि तुम्हीही द्या असं मी आग्रहाने सांगेन. १६३४ ला ती नवरा आणि मुलांबरोबर बॉस्टनला आली. बाळंतपणं करायची, त्यामुळे घराघरात ओळख. घरी बायका जमवून रविवारच्या प्रवचनावर चर्चा करायची, नंतर पुरुषही यायला लागले. तिचं म्हणणं असं की बरेचसे धर्मगुरू कृपेपेक्षा वागणुकीवरच भर देतायत. नोव्हेंबर १६३७ मधे तिच्यावर खटला झाला, विन्थ्रॉप स्वतः गव्हर्नर, तोच प्रश्न विचारणारा आणि तोच निकाल देणारा. खटल्याची नोंद उपलब्ध आहे, नाटकासारखी, कोण काय बोललं ते नावासकट. आमच्या सरांनी ती वर्गात मोठ्याने वाचून घेतली होती, एकीला हचिन्सन केलं, एकाला विन्थ्रॉप, आणि मी आता माझ्या वर्गातही तेच करते. ती विचारते मी कोणता नियम मोडला, तर उत्तर येतं की आईवडिलांचा मान राखावा ही आज्ञा, कारण राज्यकर्ते हे वडिलांच्या जागी. बायबलमधले दाखले ती अशी परत फेकते की समोरच्यांना नीट आरोपच मांडता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की हे मला देवाने थेट कळवलं, आणि तिथे खटला संपला, कारण बायबल सोडून देव थेट बोलतो म्हटल्यावर धर्मगुरूची गरजच उरत नाही. तिला हद्दपार केलं, मार्च १६३८ मधे चर्चमधूनही काढलं. १६४३ मधे डच हद्दीत राहत असताना नेटिव्ह लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, हल्ल्यात ती घरातल्या बहुतेकांसकट मारली गेली.

आता कादंबरीचं पहिलं प्रकरण, जेमतेम दोन पानांचं. तुरुंगाच्या दाराशी गुलाबाचं झुडूप आहे, आणि हॉथॉर्न म्हणतो की ते कदाचित अ‍ॅन हचिन्सनच्या पावलांखालून उगवलं असेल. तिला तो संत म्हणतो. तेराव्या प्रकरणात परत तिचं नाव येतं, पर्ल नसती तर हेस्टर कदाचित हचिन्सनसारखी एखाद्या पंथाची संस्थापक झाली असती असं. आणि जॉन विल्सन, जो कादंबरीत म्हातारा कनवाळू धर्मगुरू म्हणून दिसतो, त्यानेच प्रत्यक्षात हचिन्सनला चर्चमधून बाहेर काढल्याचं जाहीर केलं होतं. हे कळल्यावर तिसरं प्रकरण परत वाचा, बाल्कनीतून हेस्टरला बापाचं नाव सांग म्हणणारा विल्सन वेगळाच ऐकू येतो. मायकेल कोलाकर्चिओ यांचा १९७२ चा लेख या संबंधावरचा महत्त्वाचा लेख आहे, तो जरूर मिळवा. आणि एक गोष्ट जी फार कोणी सांगत नाही, १८३० मधे तरुण हॉथॉर्नने हचिन्सनवर एक छोटा लेख लिहिला होता, त्यात तो लिहिणाऱ्या, जाहीर बोलणाऱ्या बायकांबद्दल चांगलाच नाखूश आहे. तोच माणूस वीस वर्षांनी हेस्टर लिहितो. लेखकाची मतं आणि लेखकाची कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे मला थिअरीच्या पेपरपेक्षा इथे जास्त नीट कळलं.

कायद्याचं बघू. मॅसॅच्युसेट्स बेमधे १६३१ पासून व्यभिचाराला देहदंड होता, आणि १६४४ मधे मेरी लेथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना खरंच फाशी झाली. कपड्यावर अक्षर शिवायची शिक्षा प्लिमथच्या कायद्यात होती, तिथे १६५८ च्या कायद्यात ए आणि डी अशी दोन अक्षरं बाहीवर किंवा पाठीवर लावायची असं आहे. म्हणजे १६४२ च्या बॉस्टनमधली हेस्टर खऱ्या कायद्याप्रमाणे मेली असती. हॉथॉर्नला हे माहिती होतं, तिसऱ्या प्रकरणात गर्दीतला माणूस चिलिंगवर्थला सांगतो की खरी शिक्षा मृत्यू आहे, पण नवरा बहुतेक समुद्रात बुडालाय म्हणून न्यायाधीशांनी दया दाखवली. म्हणजे त्याने कायदा मुद्दाम वाकवला, कारण त्याला शिक्षेनंतरचं आयुष्य लिहायचं होतं. ए अक्षर लावलेली बाई त्याने आधी एका कथेतही आणली होती, ‘एंडिकॉट अँड द रेड क्रॉस’मधे, फक्त काही ओळींपुरती.

तसंच सालाचं. व्हायव्हाला एका बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी मला विचारलं होतं, कादंबरी १६४२ ला सुरू होते हे तुम्ही कशावरून म्हणता, पुस्तकात तर साल दिलेलं नाही? याचं उत्तर बाराव्या प्रकरणात आहे. डिम्सडेल रात्री चौथऱ्यावर जातो त्या रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारलाय, आणि विन्थ्रॉप १६४९ मधे वारला. पर्ल तेव्हा सात वर्षांची. झालं, मागे मोजा. पण विन्थ्रॉप खरं तर २६ मार्चला गेला, आणि कादंबरीत ती रात्र मे महिन्याच्या सुरुवातीची आहे. कादंबरीच्या सुरुवातीला, १६४२ च्या जूनमधे, गव्हर्नर म्हणून दिसणारा बेलिंगहॅमही तेव्हा प्रत्यक्षात गव्हर्नर नव्हता, मे १६४२ लाच विन्थ्रॉप परत निवडून आला होता. हॉथॉर्नच्या हाताशी केलेब स्नो यांचा बॉस्टनचा १८२५ सालचा इतिहास होता, त्यामुळे गावाचा नकाशा, घरं, नावं तो पक्की घेतो आणि घटना मात्र गोष्टीच्या सोयीने हलवतो. असे बदल सापडले की ‘लेखकाची चूक’ म्हणून सोडून देऊ नका, तो बदल कशासाठी केला हे विचारा, तिथे तुमचा पेपर दडलेला असतो.

‘द कस्टम-हाउस’ ही लांबलचक प्रस्तावना बरेच जण सोडतात. मी सांगेन की पहिली चार-पाच प्रकरणं वाचून मग तिच्याकडे या, पण याच. हॉथॉर्न सेलममधल्या जकात कार्यालयात १८४६ ते १८४९ नोकरीला होता, सरकार बदललं आणि त्याची नोकरी गेली, त्याच उन्हाळ्यात आई वारली, आणि त्यानंतर त्याने ही कादंबरी लिहायला घेतली. प्रस्तावनेत तो दोन पूर्वजांबद्दल बोलतो. विल्यम हॅथॉर्न, क्वेकरांचा छळ करणारा, आणि त्याचा मुलगा जॉन हॅथॉर्न, १६९२ च्या सेलमच्या चेटूक खटल्यातला न्यायाधीश. त्यांची लाज मी माझ्या अंगावर घेतो असं तो लिहितो. आडनावात एक अक्षर वाढवून त्याने स्वतःचं स्पेलिंग वेगळं केलं होतं. प्रस्तावनेत माळ्यावर लाल कापडाचं अक्षर आणि जुने कागद सापडल्याची जी हकीकत आहे ती मात्र रचलेली आहे. दरवर्षी कोणीतरी ती खरी समजून लिहितं म्हणून सांगतेय. सर्व्हेयर प्यू नावाचा माणूस होऊन गेला हे खरं, कागद कल्पनेतले.

सेलमचा विषय निघालाच आहे तर, १६४२ चं बॉस्टन आणि १६९२ चं सेलम एकत्र करू नका. मधे पन्नास वर्षं आहेत, दुसरी-तिसरी पिढी आहे, १६६२ मधे सभासदत्वाचे नियम सैल करावे लागले, नेटिव्ह लोकांशी १६७५-७६ चं मोठं युद्ध होऊन गेलं, राजाने कॉलनीला दिलेली जुनी सनद रद्द झाली. सेलममधे कोणालाही जाळलं नाही. एकोणीस जणांना फाशी दिलं, जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला छातीवर दगड ठेवून मारलं, काही तुरुंगात मेले. आर्थर मिलरचं १९५३ चं ‘द क्रूसिबल’ बघून बरेच जण तिथला इतिहास शिकतात, पण मिलरने अ‍ॅबिगेलचं वय वाढवलंय आणि जॉन प्रॉक्टरचं कमी केलंय, प्रत्यक्षात ती अकरा-बारा वर्षांची होती आणि तो साठीचा. मिलरला मॅकार्थीच्या काळाबद्दल, म्हणजे १९५० च्या सुमाराला अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांची चौकशी चालायची त्याबद्दल, बोलायचं होतं, त्यासाठी त्याने ते केलं, आणि नाटक म्हणून ते मोठंच आहे.

हॉथॉर्नची सेलमवरची खरी कमाल बघायची तर ‘यंग गुडमन ब्राउन’ घ्या, १८३५ ची छोटी कथा, एका बैठकीत होते. ब्राउन रात्री जंगलात जातो आणि गावातली सगळी सज्जन माणसं सैतानाच्या सभेत बघतो. तिथे गुडी क्लॉइस, गुडी कोरी, मार्था कॅरियर अशी नावं येतात, आणि ही सगळी १६९२ मधे आरोप झालेल्या खऱ्या बायकांची नावं आहेत, त्यातल्या मार्था कोरी आणि मार्था कॅरियर फासावर गेल्या. त्या खटल्यांत असा पुरावा ग्राह्य धरत होते की अमुक बाईची छायाआकृती मला दिसली, तिने मला चिमटे काढले. डेव्हिड लेव्हिन यांनी १९६२ च्या लेखात दाखवलंय की ब्राउन जे बघतो तेही असल्याच आकृत्या आहेत, म्हणजे तो त्या न्यायाधीशांसारखाच वागतो, दिसलं त्यावर विश्वास ठेवतो आणि अख्खं आयुष्य बायकोकडे संशयाने बघत मरतो. न्यायाधीशाच्या पणतूच्या मुलाने ही कथा लिहिलीय हे लक्षात घ्या. मला विचाराल तर हॉथॉर्नची सगळ्यात धारदार गोष्ट हीच.

एका गोष्टीबद्दल मात्र हॉथॉर्न कमी पडतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं आणि ते तुम्ही लिहायला घाबरू नका. १६३७ मधे, हचिन्सनच्या खटल्याच्या काही महिने आधी, याच लोकांनी मिस्टिक इथे पीक्वॉट या नेटिव्ह जमातीचं गाव पेटवून बायकामुलांसकट शेकडो माणसं मारली. १६४१ च्या कायदेसंग्रहात युद्धात पकडलेल्यांना गुलाम ठेवायला मुभा आहे. कादंबरीत नेटिव्ह माणसं येतात ती गर्दीच्या कडेला उभी असतात, नाहीतर चिलिंगवर्थला जडीबुटी शिकवणारी म्हणून. ही गप्प राहिलेली बाजू भरून काढायला नेटिव्ह लोकांच्या कैदेत राहिलेल्या मेरी रोलँडसनचं १६८२ चं आत्मकथन वाचा, त्यातही नजर तिचीच आहे, पण निदान समोरची माणसं बोलताना दिसतात.

बरेच जण विचारतात आपल्याकडे बसून हे शिकायचं कशाला. मी नगरची आहे, त्यामुळे माझ्याकडे याचं एक ठोस उत्तर आहे. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलममधल्या टॅबरनॅकल चर्चमधे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. हे काँग्रिगेशनल चर्च, म्हणजे थेट प्युरिटनांचे वारस. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मधे मुंबईला पोचले, आणि त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, १८३१ पासून अहमदनगरला त्यांचं केंद्र, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे त्यांचं नियतकालिक. कवी नारायण वामन टिळक याच मिशनशी जोडलेले. १८१२ ला सेलममधे ती दीक्षा झाली तेव्हा हॉथॉर्न तिथलाच सात वर्षांचा मुलगा होता. एकोणिसाव्या शतकातले मिशनरी म्हणजे सतराव्या शतकातले प्युरिटन नव्हेत, मधे धर्मातही खूप बदल झालेत, त्यामुळे उड्या मारून निष्कर्ष काढू नका. पण एकाच गावातून एकीकडे आपल्या पूर्वजांच्या धर्माशी भांडणारा लेखक निघतो आणि दुसरीकडे तोच वारसा घेऊन मराठी मुलखात येणारी माणसं निघतात, यावर कोणीतरी नीट पीएचडी करावी असं मला फार वाटतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यालाच ते जमेल.

आता वाचायचं कसं ते पटापट. हॉथॉर्नची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, विन्थ्रॉपचं जर्नल इंटरनेट अर्काइव्हवर, सेलमच्या खटल्यांचे कागद व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या साइटवर. सतराव्या शतकाचं स्पेलिंग बघून दचकू नका, मोठ्याने वाचलं की निम्मं कळतं. त्या काळातली प्युरिटन कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट हिच्या कविता आधी घ्या, नवऱ्यावरची आणि १६६६ मधे घर जळालं त्यावरची. जळालेल्या पेट्या, टेबलं, आवडीच्या वस्तू आठवून हळहळणारी आणि मग स्वतःलाच दटावणारी ही प्युरिटन बाई भेटली की ते लोक माणसं वाटायला लागतात. समीक्षेत पेरी मिलर जड आहेत, एडमंड मॉर्गनपासून सुरुवात करा, ते सोपं लिहितात. मग हेन्री जेम्सचं १८७९ चं हॉथॉर्नवरचं छोटं पुस्तक, मग नीना बेम, आणि सगळ्यात शेवटी सॅकवन बर्कोविच.

बर्कोविच यांचा प्रश्न असा की युरोपला गेलेली हेस्टर शेवटी परत का येते, आणि कोणी सांगितलं नसताना ते अक्षर परत छातीवर का लावते? त्यांचं म्हणणं साधारण असं की समाजाने बंडखोर बाईला स्वतःहून मान्य करायला लावलं, आणि १८५० च्या अमेरिकेला, जिथे गुलामगिरीवरून देश फुटायला आला होता आणि १८४८ मधे सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची परिषद झाली होती, असाच समेट हवा होता. वाद जबरदस्त आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. शेवटचं प्रकरण हळू वाचा. परत आल्यावर हेस्टरच्या झोपडीत गावातल्या दुखावलेल्या, एकट्या पडलेल्या बायका येतात, आम्ही इतक्या दुःखी का आणि यावर उपाय काय असं विचारतात, आणि ती त्यांच्याशी बोलते. बायकांनी एका बाईच्या घरी जमायचं आणि बोलायचं, हचिन्सनच्या घरी हेच चाललं होतं आणि खटल्यात तिच्यावरचा एक आरोप तोच होता. हॉथॉर्नने ती बैठक त्याच बॉस्टनच्या कडेला परत भरवली, आणि या वेळी कोणी ती मोडायला येत नाही. हेस्टर स्वतः म्हणते की नवीन सत्य सांगणारी बाई मी नव्हे, पुढे कोणीतरी येईल, आणि बर्कोविचच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे हे मान्य. तरी दोन्ही बाजू घेऊन, खटल्याची नोंद आणि शेवटचं प्रकरण शेजारी ठेवून लिहायला बसलात तर डिझर्टेशनचं एक अख्खं चॅप्टर यात आहे.